ॲडमिटचा तिसरा अर्थ

सतरा-अठरा वर्षं झाली, मी उल्हासनगरच्या कॅम्प पाचमधल्या एका क्लासमध्ये इंग्रजी शिकवते. खाली जीन्सला बटणं ठोकायचं दुकान, वर आमचा क्लास. ते मशीन दर दोन सेकंदांनी ठक्क करतं आणि त्या दोन ठक्कांच्या मधे जेवढं मावेल तेवढं व्याकरण मी मुलांच्या डोक्यात घालते. पहिली दोन-तीन वर्षं डोकं दुखायचं. आता दुकान बंद असलं की चुकल्यासारखं होतं.

आठवीच्या वर्कबुकात एक धडा आहे, एक क्रियापद आणि त्याचे वेगवेगळे अर्थ. त्यात ‘ॲडमिट’ येतं. दर वर्षी येतं आणि दर वर्षी मी फळ्यावर तेच तीन खाने पाडते. पहिला, दवाखान्यात दाखल करणे. दुसरा, शाळेत, हॉलमध्ये, आत घेणे. तिकिटावर लिहिलेलं असतं ना, ‘ॲडमिट वन’, म्हणजे एकाच माणसाला आत सोडा, पाच भावंडांना नाही. तिसरा, कबूल करणे. खाली चांदणी काढून एक जास्तीचं वाक्य, हुशार मुलांसाठी: ‘द मॅटर ॲडमिट्स ऑफ नो डिले.’ ह्या गोष्टीला उशीर चालणार नाही. ते कुणी वहीत उतरवून घेत नाही. परीक्षेला येत नाही म्हणून.

पहिल्या खान्यात मुलं धडाधड वाक्यं देतात. आमच्याकडे हा शब्द मराठी, हिंदी, सिंधी काही ओळखत नाही, सगळ्यांच्या तोंडी सारखाच. “टीचर, मेरी नानी एडमिट है.” “मॅडम, आमचे पप्पा डेंग्यूमध्ये ॲडमिट होते.” कुणी कुठे राहतं हे सांगावं तसं सांगतात, ॲडमिट आहे. दुसरा खानाही भरतो, कारण जून आला की सगळ्या घरांत ॲडमिशन हा एकच विषय असतो. तिसऱ्या खान्याशी आलं की वर्ग गप्प. एरवी एक मिनिट तोंड बंद नाही कार्ट्यांचं, पण ‘कबूल करणे’ म्हटलं की सगळे वहीत डोकं घालतात.

ज्या वर्षाचं मी सांगते आहे त्या वर्षीही तसंच झालं. मी म्हटलं, अरे, एक तरी वाक्य द्या. एकजण उठला आणि म्हणाला, “आय ॲडमिट दॅट आय ॲम अ गुड बॉय.” मी म्हटलं, बाबा रे, चांगली गोष्ट ॲडमिट करत नाहीत, ती आपोआप सांगत सुटतात. कबूल करायला काहीतरी वाईट केलेलं लागतं. मग मागच्या बाकावरची मुलगी म्हणाली, “आय ॲडमिट दॅट माय ब्रदर ब्रोक द टीव्ही.” वर्ग हसला. मीसुद्धा हसले. म्हटलं, भावाचं पाप तू कशाला कबूल करतेस गं? त्याला चुगली म्हणतात. कर्ता आणि कबूल करणारा एकच पाहिजे. मग तीच मुलगी म्हणाली, “मॅम, आप बोलो ना एक.”

मी खडू हातात घेऊन उभी राहिले. त्या दिवशी माझी आई दोन दिवसांपासून ॲडमिट होती, तिची कावीळ दिवसेंदिवस वाढत होती, आणि डॉक्टरांना सांगायची एक गोष्ट मी सांगितलेली नव्हती. मी फळ्यावर लिहिलं, ‘शी ॲडमिटेड हर मिस्टेक.’ कोण ही ‘शी’, कुठली मिस्टेक, कुणी विचारलं नाही. मुलांनी उतरवून घेतलं.

आता नीट पहिल्यापासून सांगते.

आम्ही तिघं अंबरनाथ पूर्वेला राहायचो, आई, बाबा आणि मी. माझं लग्न झालं होतं, मोडलं, मी परत आले. त्यावर आता बोलायला काही उरलेलं नाही. बाबा एमआयडीसीतल्या एका कारखान्यात फिटर होते, रिटायर झालेले. आमच्या आजोबांनी दीक्षा घेतली तेव्हापासून आमच्या घरात नवस नाही, उतारा नाही, गंडा-दोरा नाही. ह्या बाबतीत बाबा फार कडक. मी पाच-सहा वर्षांची असताना एका मावशीने माझ्या पायात काळा दोरा बांधला होता. बाबा कामावरून आले, हात धुतले, मला खुर्चीवर बसवलं आणि कात्रीने तो दोरा कापला. ओरडले नाहीत. म्हणाले, “ह्याने काही होत नसतं, बाळा. पुरावा दाखव म्हणावं मावशीला.” पुरावा दाखव, हे त्यांचं आयुष्यभराचं पालुपद. आई त्यावर काही बोलायची नाही. पण बाबा विहारात गेले की शेजारच्या काकूंशी दारात उभी राहून हळू आवाजात काय काय बोलायची, ते मला ऐकू यायचं.

ह्या काकू आमच्या मजल्यावरच्याच. माहेर चामटोलीचं, बदलापूरच्या पुढे. आगरी माणसं, जमीन होती, बिल्डरला गेली. स्वभावाने सोनं. आईला बरं नसलं की भाकरी थापून आणून द्यायच्या आणि आईचा चेहरा बघत बसून राहायच्या.

आईला कावीळ झाली. डोळे पिवळे झाले, अन्न नको झालं. आमच्या डॉक्टरांनी रक्त तपासलं, म्हणाले, फार नाही, आराम करा, तेलकट बंद, पंधरा दिवसांत उतरेल. पंधरा दिवस थांबायचं म्हणजे काय, हे ज्याच्या घरात पिवळं माणूस बसलेलं असतं त्याला विचारा. पाचव्या दिवशी काकू आल्या. त्यांच्या माहेरापासून पुढे एका पाड्यावर एक म्हातारी काविळीचं औषध देते. पैसे घेत नाही, फक्त नारळ. “आमचे गावान कावीलला कोन डॉक्टरकडं गेलाच नाय,” काकू म्हणाल्या. “सात पुड्या. सातव्या दिवशी माणूस कामाला.”

मी नाही म्हणायला हवं होतं. मी बी.ए., बी.एड. मी ह्या घरातली. पण आई माझ्याकडे बघून म्हणाली, “मुळी आहे गं ती. मंत्र थोडाच आहे? तुझ्या बाबांचं काय, ते ओव्यालाही अंधश्रद्धा म्हणतील.” मला हसू आलं. आणि खरं सांगू का, मी थकले होते. क्लास, स्वयंपाक, तिचं पथ्य, पुन्हा क्लास. सात दिवसांत संपतंय तर संपू दे, असं वाटलं. बाबांना सांगितलं, बदलापूरला मैत्रिणीकडे जाऊन येतो, आईला जरा बदल होईल. बाबांनी मान हलवली आणि पेपरात डोकं घातलं.

पाड्यावर रिक्षा आत जात नाही, शेवटचा तुकडा आईला चालवत नेलं. म्हातारीचं घर स्वच्छ, सारवलेलं. तिने आईचे हात चुन्याच्या पाण्यात धुतले आणि पाणी पिवळं झालं. हाताला आंब्याच्या सालीचा रस लागला की चुन्याचं पाणी पिवळं होतं, हे मला माहीत होतं, आमच्याच शाळेत प्रयोग करून दाखवायचे. तरी ते पिवळं पाणी ओटीवरून खाली वाहत गेलं तेव्हा मला वाटलं, गेलं बाई एकदाचं. आईचा चेहरासुद्धा उजळला. मग म्हातारीने कागदाच्या सात पुड्या दिल्या. रोज सकाळी एक, अनशापोटी. आणि बजावलं, “पुड्या चालू आहेत तवर कुणाला सांगायचं नाय. सांगितलं का गुण जातो.” परत येताना आईने रिक्षात माझा हात घट्ट धरला आणि म्हणाली, “नाही ना सांगणार?” मी म्हटलं, नाही सांगणार.

चार पुड्या दिल्या. बाबा सकाळी फिरायला जायचे तेव्हा. पाचव्या दिवशी आई उठेना. उलट्या, पोट फुगलेलं, डोळे हळदीसारखे. बाबांनीच खाली जाऊन रिक्षा आणली. उल्हासनगरातल्या एका खासगी हॉस्पिटलमध्ये नेलं. तिथे टेबलावर एक सिस्टर फॉर्म भरत होती. नाव, वय, बीपी, शुगर, आधीचं ऑपरेशन. मग तिने विचारलं, “गावठी काही दिलंय का? झाडपाला, मुळी, पुडी?”

मी तोंड उघडणार तेवढ्यात बाबा म्हणाले, “आमच्या घरात असलं काही चालत नाही.”

कसे म्हणाले ते सांगता येत नाही मला. छाती काढून नव्हे, पण ताठ. इतक्या सगळ्या गडबडीत, बायको स्ट्रेचरवर असताना, एवढी एक गोष्ट ते ताठ मानेने सांगू शकत होते. सिस्टरने ‘नाही’ लिहिलं. मी तिच्या पेनाकडे बघत होते. ओढून घ्यायचं होतं ते पेन. नाही घेतलं. मला बाबांची लाज राखायची होती, स्वतःची तर होतीच. आणि त्याच्याही खाली एक गोष्ट होती, ती आज पहिल्यांदा लिहिते आहे: सांगितलं तर गुण जाईल, असं मला वाटलं. तीन पुड्या राहिल्या असल्या तरी चार पोटात आहेत, त्यांचा तरी गुण राहू दे. इंग्रजीची बाई आहे मी. मुलांना कार्यकारणभाव शिकवते.

मग आमच्या पाळ्या लागल्या. सकाळी सहा ते अकरा बाबा. अकराला मी डबा घेऊन जायचे, तीनपर्यंत बसायचे, तिथून चालत क्लासला, संध्याकाळी परत. आईला ग्लानी असायची. मधेच डोळे उघडून म्हणायची, “किती झाल्या?” सिस्टरला वाटायचं सलाईनच्या बाटल्या विचारते आहे. ती म्हणायची, “दोन झाल्या आजी, तिसरी चालू आहे.” मला कळायचं काय विचारते आहे ते. मी तिच्या कपाळावर हात ठेवायचे आणि दुसरीकडे बघायचे.

क्लासमधला तो धडा ह्याच दिवसांतला. परीक्षा तोंडावर आली होती, सुट्टी मागायची सोय नव्हती. पहिल्या खान्यातलं वाक्य मी त्या आठवड्यात जगत होते, तिसऱ्यातलं गिळून बसले होते. सांगायचं, आज सांगायचं, असं ठरवून हॉस्पिटलचा जिना चढायचे आणि वर बाबांचा चेहरा दिसला की उद्यावर टाकायचे. बाबा तीन दिवसांत किती म्हातारे झाले होते! दाढी वाढलेली, शर्टाची बटणं वरखाली लावलेली. ह्या माणसाला आता हे कसं सांगू, असं व्हायचं.

चौथ्या दिवशी अकराच्या सुमाराला डॉक्टरांनी आम्हा दोघांना खोलीत बोलावलं. तरुण मुलगाच म्हणायचा, डोळ्यांखाली काळं आलेलं. समोर रिपोर्ट पसरलेले. म्हणाला, “काका, मला समजत नाहीये. साधी कावीळ अशी वाढत नाही. लिव्हरला कशाचा तरी मार बसतोय आणि तो थांबलेला नाही, अजून बसतोय. मुंबईला हलवावं लागेल. पण तिथेही पहिला प्रश्न हाच विचारतील. नीट आठवा. काहीही दिलंय का? काहीही?”

बाबा खाली बघत होते.

मी म्हटलं, “दिलंय. मी दिलंय. काविळीच्या पुड्या, पाड्यावरून आणल्या. बाबांना माहीत नाही.”

बाबांकडे मी बघितलंच नाही. भडभडा बोलत गेले, म्हातारी, नारळ, चुन्याचं पाणी, सगळं. डॉक्टरांनी रागावायला हवं होतं, ते रागावले नाहीत, लिहून घेत राहिले. “किती पुड्या?” त्यांनी विचारलं.

“सात होत्या. चार दिल्या. इथे आणल्यापासून नाही दिली. तीन घरी आहेत, तांदळाच्या डब्यात. तुम्हाला तपासायला आणून देते.”

“नाहीत,” बाबा म्हणाले.

मला वाटलं ते माझ्यावर चिडून म्हणतायत. मी म्हटलं, “आहेत बाबा, मीच ठेवल्यात.”

“डब्यात नाहीत त्या आता.” बाबा डॉक्टरांकडे बघून बोलत होते, माझ्याकडे नाही. “मी दिल्या. रोज सकाळी एक, शहाळ्याच्या पाण्यातून. आज सकाळी शेवटची दिली.”

डॉक्टरांचं पेन थांबलं होतं.

“ज्या दिवशी आणलं त्याच संध्याकाळी हिच्या आईने मला सांगितलं,” बाबा म्हणाले. “डब्यात आहेत म्हणाली. सात पुऱ्या करा म्हणाली. मुलीला सांगू नका, गुण जाईल म्हणाली. तिला आयुष्यभर मी नाहीच म्हणत आलो, साहेब. प्रत्येक गोष्टीला नाही. त्या दिवशी ती हात जोडत होती. मला नाही म्हणता आलं नाही.”

पहिल्या दिवशी त्या टेबलाशी मी तोंड उघडलं असतं तर त्या तीन पुड्या तिच्या पोटात गेल्या नसत्या. हे गणित मी तिथेच, त्या खुर्चीत बसल्या बसल्या केलं. आजपर्यंत रोज करते. बाबाही करत असणार. डॉक्टर एवढंच म्हणाले, “बरं झालं सांगितलंत.” आणि फोन उचलून ॲम्ब्युलन्स मागवली. आई मुंबईला अकरा दिवस होती. पुड्यांनीच लिव्हर गेलं, असं तिथल्या डॉक्टरांनी सांगितलं. त्या अकरातले शेवटचे सहा दिवस ती कुणाला ओळखत नव्हती. मग गेली.

त्या सगळ्या दिवसांत मी बाबांवर चिडले नाही आणि बाबा माझ्यावर चिडले नाहीत. बरं झालं असतं चिडलो असतो तर. आम्ही दोघं फार सांभाळून वागायला लागलो. चहा घेणार का, हो, साखर कमी घाल, बरं. पुड्या हा शब्द घरातून गेला. साध्या मिठाच्या पुडीलासुद्धा मी पाकीट म्हणायला लागले.

भेटायला लोक यायचे. कशाने गेल्या, विचारायचे. बाबा म्हणायचे, “कावीळ झाली होती.” मी म्हणायचे, “हो, कावीळ.” त्यात खोटं काही नव्हतं. काकू तर रोजच यायच्या. रडून रडून त्यांचा आवाज बसला होता. एकदा बाबा आत असताना माझ्याजवळ बसून हळूच म्हणाल्या, “पुड्या अर्धवट रायल्या गं. दवाखान्यान नेली ना, म्हनून. सात पुऱ्या झाल्या असत्या तर माजी बाय उठून बसली असती.”

मी काय करायला हवं होतं ते मला कळत होतं. पण त्या बाईकडे बघितलं आणि मनात म्हटलं, हिला सांगायचं? तुम्हीच पत्ता दिलात आणि त्यानेच आई गेली, असं? जिने आईच्या तोंडात घास घातले तिला? नको. आपलं आपल्यापाशी राहू दे. मी काकूंच्या पाठीवरून हात फिरवला. वाटलं, मी मोठेपणा करते आहे. बाबांनाही तेच वाटत असावं, कारण काकू आल्या की तेही गप्प असायचे.

चार महिने असेच गेले. क्लास चालू होता. बटणाचं मशीन चालू होतं. मी दमून यायचे, भात टाकायचे, बाबा आणि मी जेवायचो.

एका शनिवारी दुपारी मी कपडे वाळत घालायला गॅलरीत गेले. पलीकडे काकूंची सून खुर्ची टाकून बसली होती. पाचवा महिना लागला होता तिला. माझ्याकडे बघून हसली. आणि तिच्या डोळ्यांतलं पांढरं पांढरं नव्हतं.

माझ्या हातातली चादर तशीच राहिली. “कधीपासून गं?” मी विचारलं. ती सासूच्या दाराकडे बघून म्हणाली, “मम्मींना विचारा.” काकू बाहेर आल्या. मी म्हटलं, “काकू, हिचे डोळे बघा. डॉक्टरला दाखवलं का?”

“दाखवू की,” काकू म्हणाल्या. आणि पदर सावरला, कुंडीतलं वाळलेलं पान काढलं, इकडची तिकडची दोन वाक्यं बोलल्या, पण माझ्याकडे बघेनात. एरवी सर्दी झाली तरी चार मजल्यांना कळवणारी बाई. तिचं ते न सांगणं मी ओळखलं. चांगलंच ओळखीचं होतं मला ते. तरीही, देवाशपथ म्हणायची आमच्यात पद्धत नाही, पण खरं सांगते, तरीही माझी जीभ वळेना. हातात ओली चादर घेऊन मी उभी.

मागे बाबा कधी येऊन उभे राहिले मला कळलं नाही. त्यांनी थेट विचारलं, “कितवी पुडी, वहिनी?”

काकू दचकल्या. “भावजी, सांगाचं नसतं हो.”

“मी सांगतो,” बाबा म्हणाले. “माझ्या बायकोच्या पुड्या अर्धवट राहिल्या नाहीत. सात पुऱ्या झाल्या. चार हिने दिल्या, तीन मी दिल्या, हॉस्पिटलात, चोरून. त्यानेच ती गेली. डॉक्टरांनी सांगितलं आम्हाला. तुम्हाला आम्ही सांगितलं नाही. आता बोला, कितवी?”

बाबांचा आवाज मोठा नव्हता, पण खालच्या गॅलरीतली माणसं वर बघायला लागली. काकूंचा हात कुंडीवरच होता.

“दुसरी,” त्या म्हणाल्या. “आज सकाळी.”

बाबांच्या पायांत चपला होत्या. ते जिना उतरायलाही लागले होते, चार महिन्यांत पहिल्यांदा एवढ्या भराभर. खालून ओरडून म्हणाले, “उरलेल्या पुड्या बरोबर घ्या. एकही घरात ठेवू नका.” मी सुनेला धरलं. रिक्षात काकू पिशवी छातीशी धरून बसल्या होत्या आणि सूनबाई घाबरून एकदा माझ्याकडे, एकदा त्यांच्याकडे बघत होती. त्याच हॉस्पिटलमध्ये गेलो. टेबलाशी दुसरी सिस्टर होती. तिने नाव, वय विचारलं, पुढचा प्रश्न विचारायच्या आधीच काकूंनी पिशवी टेबलावर ओतली आणि म्हणाल्या, “दोन दिल्यान. मीच दिल्यान. ह्या पाच ऱ्हायल्या.”

सुनेला ॲडमिट केलं. तीन दिवस जीव टांगणीला होता, तिचाही आणि पोटातल्याचाही. पाचव्या दिवशी डॉक्टर म्हणाले, उतरतेय, वेळेत आणलंत. त्या दिवशी मी डबा घेऊन गेले तेव्हा काकू बाहेर जिन्यात बसल्या होत्या. मी शेजारी बसले. मला वाटलं त्या रडतील, नाहीतर हात हातात घेतील. त्या समोरच्या भिंतीकडे बघत बसल्या होत्या.

“चार महिने मी रोज तुमचे घरान येत होते,” त्या म्हणाल्या. “तुमचेच चुलीपाशी बसून चहा पित होते. तुमाना दोघांना माहीत होतं. आनि मना नाय सांगलं.”

“तुम्हाला वाईट वाटेल म्हणून, काकू,” मी म्हटलं.

“वाईट?” त्यांनी पहिल्यांदा माझ्याकडे बघितलं. “मना वाईट वाटू नये म्हनून तू माजे सुनेला मरू देनार होतीस?”

मी डबा त्यांच्या बाजूला ठेवला. त्यांनी तो घेतला नाही, उठून आत सुनेकडे गेल्या.